छोट्या खोलीत मुलाखत, आणि मागचं काही ब्लर होत नाही

मागच्या अंकात घरातल्या घरात मुलाखती कशा शूट करायच्या यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: खोली छोटी आहे, मागचं ब्लर होत नाही, काय करू? म्हणून ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न जागेसाठी थोडे कापलेत, बाकी जसेच्या तसे.

प्रश्न: माझी खोली दहा बाय बाराची आहे. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. पाहुण्यांना भिंतीलगतच्या सोफ्यावर बसवते आणि कॅमेरा समोरच्या भिंतीकडे जेवढा मागे नेता येईल तेवढा नेते. अपर्चर पूर्ण उघडं असतं तरी मागचं शेल्फ, स्विचबोर्ड, वायरी सगळं कळतं. लेन्समध्ये प्रॉब्लेम आहे का?

लेन्स एकदम ठणठणीत आहे, सोफ्याची जागा चुकलीय.

आधी काय होतं ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप सुटेल. फोकसमध्ये नसलेला प्रत्येक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून न पडता छोटीशी चकती होऊन पडतो, आणि चकती जेवढी मोठी तेवढं ब्लर जास्त. ही चकती किती मोठी होणार ते तीन गोष्टींवर ठरतं, लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, किती मोठं (एकाच एमएमला एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं), माणूस लेन्सपासून किती लांब आणि मागची वस्तू माणसापासून किती लांब. पहिली गोष्ट पैसे टाकून बदलते, उरलेल्या दोन फुकट बदलता येतात आणि छोट्या खोलीत खरा खेळ त्या दोन्हींचाच आहे.

आता तुमची खोली घ्या. लांबी १२ फूट, ट्रायपॉड आणि कॅमेरा मिळून दोनेक फूट खातात, म्हणजे लेन्सपासून मागच्या भिंतीपर्यंत १० फूट उरले. पाहुणे सोफ्यावर, म्हणजे डोकं भिंतीपासून फार तर २ फुटांवर आणि लेन्सपासून ८ फुटांवर. ह्या मांडणीत तुमच्या ५० एमएम एफ १.८ ने भिंतीवरच्या बिंदूची चकती होते फ्रेमच्या रुंदीच्या अर्धा टक्का, फुल एचडीत जेमतेम ९-१० पिक्सेल. एवढ्यात स्विचबोर्ड थोडा मऊ होतो पण स्विचबोर्डच राहतो. आता सोफा विसरा, एक खुर्ची घ्या आणि ती बरोबर मध्ये ठेवा, लेन्सपासून ५ फूट, भिंतीपासून ५ फूट. लेन्स तीच, अपर्चर तेच, खोली तीच, आणि चकती होते फ्रेमच्या २ टक्के, म्हणजे ३८ पिक्सेलच्या आसपास. चौपट. एक रुपया न घालवता.

आता तुम्ही म्हणाल की कॅमेरा जवळ आला तर फ्रेमही टाइट होणार, आणि ते खरं आहे. ५ फुटांवरून तुमची लेन्स साधारण सव्वादोन फूट रुंदीची फ्रेम देते, म्हणजे चेहरा आणि खांदे, हात हलवले की बाहेर जाणार. छातीपर्यंतची मोकळी फ्रेम हवी असेल तर ३५ एमएम लावा, तिथे सव्वातीन फूट रुंदी मिळते, ब्लर ५० च्या निम्मं होतं पण तुमच्या सोफ्याच्या मांडणीपेक्षा तरीही दुप्पट आहे.

ह्यामागे एक छान साधं गणित आहे. फ्रेम तेवढीच ठेवायची आणि एफ नंबरही तोच ठेवायचा असं ठरवलं (म्हणजे माणूस लांब गेला की जास्त एमएमची लेन्स लावायची, जवळ आला की कमी) तर ब्लर हे दोन अंतरांच्या गुणाकारावर चालतं, लेन्स ते माणूस गुणिले माणूस ते भिंत. १० फुटांत ८ आणि २ चे होतात १६. ७ आणि ३ चे २१. ६ आणि ४ चे २४. ५ आणि ५ चे २५. सगळ्यात जास्त बरोबर मध्यावर. म्हणून 'लांब लेन्स लाव आणि जेवढं मागे जाता येईल तेवढं जा' हा सल्ला मैदानात सोन्यासारखा आहे, पण खोलीत तोच सल्ला ऐकून माणूस भिंतीला चिकटतो आणि सगळं बिघडतं. मागे जाण्यासाठी तुम्ही जी जागा घेताय ती पाहुण्याच्या पाठीमागूनच कमी होतेय.

मी स्वतः ६-४ घेते. २४ आणि २५ मधला फरक कुणाच्या डोळ्याला कळत नाही आणि पाहुण्याला एक फूट जास्त मोकळीक मिळते, तोंडासमोर लेन्स आली की नवखा माणूस आक्रसतो आणि ते आक्रसणं कुठल्याही ब्लरने झाकत नाही.

अजून दोन गोष्टी करून बघा. एक, सरळ भिंतीसमोर न लावता कोपऱ्यातून कोपऱ्यात शूट करा. दहा बाय बाराचा कर्ण साडेपंधरा फुटांच्या वर भरतो, ट्रायपॉडचा एक पाय कोपऱ्यात घुसवला, समोरच्या कोपऱ्यातलं सामान सोडलं तरी आरामात १२ फूट मिळतात, म्हणजे तीच फ्रेम ठेवून २० टक्के जास्त ब्लर, शिवाय दोन भिंती मागे एकमेकींकडे जाताना दिसल्या की खोली आहे त्याहून खोल वाटते. दुसरं, दार. पाहुण्याच्या मागे उघडं दार येईल असं बसवा आणि पलीकडची खोली किंवा पॅसेज दिसू द्या. माणूस ५ फुटांवर आणि मागचं ५ ऐवजी १५ फूट मागे गेलं तर ब्लर दीडपट होतं. पण त्यापलीकडे फार आशा ठेवू नका, कारण मागे अगदी क्षितिज असलं तरी मध्यावरच्या मांडणीच्या दुप्पटच होणार, त्याच्यावर नाही. म्हणजे खुर्ची मध्ये आणलीत तेव्हाच जेवढं मिळू शकतं त्यातलं निम्मं तुमच्या पदरात पडलेलं असतं. हे लक्षात आलं की मोठ्या स्टुडिओची हळहळ बरीच कमी होते.

प्रश्न: माझ्याकडे सगळं नीट आहे, माणूस भिंतीपासून लांब बसवतो, एफ २ वर शूट करतो, पण मागे पांढरी भिंत आहे आणि ब्लर झालंय असं वाटतच नाही. पासपोर्ट फोटोसारखं दिसतं.

कारण ब्लर व्हायला तिथे काहीच नाहीये! ब्लर दिसतं ते कडांमुळे, उजेड-अंधाराच्या सीमा पसरल्या तरच डोळ्याला कळतं की हे मागे आहे. रिकामी पांढरी भिंत एफ १.२ वर ठेवा नाहीतर एफ ११ वर ठेवा, पांढरी भिंतच दिसणार.

तर आधी मागे काहीतरी द्या. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त काम करणारी वस्तू म्हणजे छोटा टेबल लॅम्प, पिवळसर उजेडाचा, माणसाच्या एका खांद्यामागे, डोक्याला चिकटलेला नाही, फ्रेमच्या कडेकडे. उजेडाचे ठिपके ब्लरमध्ये गोल गोल पसरतात आणि एवढ्या एका गोष्टीने फ्रेमला खोलपणा येतो. एखादं कुंडीतलं झाड, पुस्तकांची एक रांग, खिडकीचा पडदा थोडा बाजूला करून दिसणारी पट्टी, असं काहीही चालतं, फक्त ते सगळं एकाच अंतरावर भिंतीला लावून ठेवू नका. झाड माणसाच्या ३ फूट मागे आणि लॅम्प ५ फूट मागे असेल तर दोन्हींचं ब्लर वेगवेगळं पडतं आणि थर तयार होतात. जमलं तर पुढेही एक थर घ्या, लेन्सच्या अगदी जवळ फ्रेमच्या कोपऱ्यात एखादं पान किंवा लॅम्पची कड, ती एवढी विरघळते की काय आहे ते कळत नाही पण डोळा आपोआप माणसाकडे जातो. हे जपून करा, मुलाखतभर ती कड हलली तर त्रास होतो.

आणि आता उजेड, जो मला ब्लरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. चेहरा आणि मागचं सारख्याच उजेडात असेल तर कितीही ब्लर करा, माणूस भिंतीवर चिकटवल्यासारखाच दिसणार. मागचं चेहऱ्यापेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद ठेवा आणि मग बघा. ते करायचं कसं, तर खोलीतली वरची ट्यूबलाइट पहिली बंद, ती सगळीकडे सारखा उजेड फेकते आणि सगळी मेहनत वाया घालवते. मग तुमचा मेन लाइट चेहऱ्याच्या जवळ आणा. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे लाइट चेहऱ्यापासून ६ फुटांवर असेल आणि भिंत चेहऱ्याच्या ५ फूट मागे, तर भिंतीवर ढोबळमानाने चेहऱ्याच्या तिसऱ्या-साडेतिसऱ्या हिश्श्याएवढा उजेड पोचतो, आणि तोच लाइट ३ फुटांवर आणला तर सातवा हिस्सा. लाइट तोच, फक्त जवळ आणला. जवळ आणल्यावर चेहऱ्यावर जास्त झाला तर डिम करा. जवळचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी लाइटवरची कापडी पेटी) चेहऱ्यावर मऊही पडतो, सावल्या हळुवार होतात, दोन्हीकडून फायदा.

छोट्या पांढऱ्या खोलीची एक खोड असते, उजेड चारही भिंतींवरून परत येतो आणि गडद ठेवलेलं मागचं पुन्हा उजळतं. त्यासाठी लाइटच्या विरुद्ध बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळं कापड नाहीतर काळी चादर टांगा. चेहऱ्याच्या त्या बाजूला थोडी सावली येते, नाक-गाल नीट घडलेले दिसतात आणि परत येणारा उजेड थांबतो. मागच्या लॅम्पचा उजेड पिवळा असू दे आणि पुढचा लाइट दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कुठला उजेड पांढरा धरायचा ते) पुढच्या लाइटला लावा, हा रंगांचा फरकही माणसाला मागच्यापासून सोडवतो. मला विचाराल तर एफ ४ आणि नीट लावलेला उजेड हे एफ १.४ आणि वरच्या ट्यूबलाइटपेक्षा कधीही जास्त सुंदर दिसतं.

प्रश्न: कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएम, एफ ३.५-५.६ लेन्स आहे. झूम केलं की एफ ५.६ होतं म्हणून ब्लरसाठी मी १८ वर एफ ३.५ ठेवून शूट करते. बरोबर आहे ना?

उलटं आहे, आणि हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून प्रश्न आवर्जून घेतला. एफ नंबर म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ब्लर त्या भोकाच्या खऱ्या आकारावर चालतं. १८ भागिले ३.५ म्हणजे साधारण ५ मिलिमीटरचं भोक. ५५ भागिले ५.६ म्हणजे जवळपास १० मिलिमीटर. नंबर मोठा झाला तरी भोक दुप्पट झालं! म्हणून त्याच जागेवरून ५५ ला न्या, एफ ५.६ असू दे, माणूस ५-६ फुटांवर, मागे तेवढीच जागा, आणि फरक बघा. शिवाय ५५ वर मागचा भाग कमी दिसतो त्यामुळे पसारा लपवायला सोपं.

नवीन लेन्स घ्यावी का, तर ह्या एका कामासाठी हो, ५० एमएम एफ १.८ घ्या, जवळजवळ प्रत्येक कॅमेरा कंपनीची ही लेन्स सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक असते. तिचं भोक २८ मिलिमीटरच्या जवळ, म्हणजे तुमच्या १८-५५ लेन्सच्या ५५ वरच्या भोकाच्या जवळपास तिप्पट. पण आधी खुर्ची हलवून बघा, मग पैसे काढा.

प्रश्न: फक्त मोबाइल आहे. मागच्या कॅमेऱ्याला एफ १.८ लिहिलंय, मग मोठ्या कॅमेऱ्याच्या एफ १.८ सारखं ब्लर का येत नाही? सिनेमॅटिक मोड वापरू का?

वरच्याच उत्तरातला भागाकार करा. मोबाइलच्या मेन लेन्सची खरी फोकल लेन्थ ६-७ मिलिमीटरच्या आसपास असते (२४ किंवा २६ एमएम जे सांगतात ते फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, हिशोबाने), तिला १.८ ने भागलं की भोक उरतं जेमतेम ४ मिलिमीटरचं. कुठे ४ आणि कुठे २८. म्हणून मोबाइलमध्ये खरं ब्लर फक्त एकदम जवळच्या वस्तूला मिळतं.

सिनेमॅटिक मोडसारखं सॉफ्टवेअरचं ब्लर वापरायला हरकत नाही, ते चांगलं होत चाललंय. आयफोनमध्ये सिनेमॅटिक मोड २०२१ साली आयफोन १३ बरोबर आला तेव्हा १०८० पी पर्यंतच होता, पुढच्या वर्षी आयफोन १४ मध्ये ४के आलं, आणि त्यातली चांगली सोय म्हणजे ब्लर किती हवं ते शूट झाल्यावरही बदलता येतं. हे सगळे मोड अडखळतात ते ठरलेल्या जागी: सुटे केस, चष्म्याची काडी आणि काच, हाताच्या बोटांमधली फट, खुर्चीची पाठ, समोरचा माइक. म्हणून पाहुण्याच्या मागे गडद आणि केस गडद असं करू नका, कडा ओळखायला सॉफ्टवेअरलाही फरक दिसावा लागतो. ब्लरची पातळी अर्ध्यावर ठेवा, पूर्ण ताणली की डोक्याभोवती कापल्यासारखी कड दिसते. उजेड भरपूर द्या. आणि मुलाखत सुरू करायच्या आधी पाहुण्याला हात हलवत अर्धा मिनिट बोलायला सांगा, ते रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघा, कान आणि बोटं नीट दिसली तर पुढे जा, नाहीतर मोड बंद करून उजेडावर भर द्या. माणसाच्या कानाचा तुकडा येतो-जातो असा अर्धा तास बघण्यापेक्षा स्पष्ट दिसणारी नीटनेटकी खोली केव्हाही चांगली.

फोनमध्ये टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स असेल तर ती लावून बघा, पण काही फोन उजेड कमी असला की गुपचूप मेन कॅमेऱ्यावर जातात आणि तोच क्रॉप करून दाखवतात. बोटाने टेलिफोटोची लेन्स झाका, चित्र काळं झालं नाही तर समजा की तसंच चाललंय.

प्रश्न: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ एमएम एफ १.४ घेतली. ब्लर जबरदस्त येतं पण पाहुणे बोलता बोलता पुढे झुकले की डोळे फोकसच्या बाहेर जातात, पूर्ण मुलाखतीत चार-पाच ठिकाणी वापरता न येण्यासारखं झालं. ऑटोफोकसचा दोष आहे का?

ऑटोफोकसला एवढ्या कमी जागेत काम करायला लावणं हाच दोष. माणूस ५ फुटांवर असताना ८५ एमएम एफ १.४ वर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढचा-मागचा मिळून पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. माणूस किंचित तिरका बसला तर दोन डोळ्यांच्या अंतरातच तो संपत येतो, आणि बोलणारा माणूस हलतोच, रंगात आला की जास्त हलतो, आणि नेमकं तेच वाक्य तुम्हाला हवं असतं.

एफ २.८ करा. पट्टा दुप्पट होतो, साडेपाच सेंटिमीटरच्या जवळ, आणि गंमत बघा, मागची भिंत ५ फुटांवर असेल तर एफ २.८ वरही तुमची चकती फ्रेमच्या अडीच टक्के येते, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या ५० एमएम एफ १.८ पेक्षाही जास्तच. तुम्ही काही गमावत नाही. ह्यातून अजून पुढे जाऊन म्हणेन की मुलाखतीत मागचं एवढं विरघळवूच नका. पाहुणी जर सतार बनवणारी असेल तर मागे टांगलेल्या सतारी ओळखू आल्या पाहिजेत, शिक्षक असेल तर फळा फळा वाटला पाहिजे. तुम्ही त्यांच्या खोलीत गेलात ते कशासाठी? मागचं मऊ हवं, पण माणूस कोण आहे ते सांगणारं हवं. सगळं रंगाचं दूध झालं की ती मुलाखत कुठेही घेतलेली असू शकते.

बाकी साधी काळजी. खुर्ची फिरणारी, चाकांची किंवा झुलणारी नको, साधी चार पायांची, पाठ कमी उंचीची, म्हणजे पाठ फ्रेममध्ये येत नाही आणि माणूस मागे रेलतही नाही. कॅमेऱ्यात आय डिटेक्शन असेल तर चालू ठेवा, दोन डोळ्यांपैकी कुठला ते निवडायची सोय असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा निवडा. फोकस बदलायचा वेग थोडा कमी ठेवा, नाहीतर पाहुण्याने तोंडासमोर हात आणला की फोकस हातावर उडी मारतो आणि परत येतो. आणि दोन पाहुणे एका फ्रेममध्ये असतील तर दोघांच्या खुर्च्या लेन्सपासून सारख्या अंतरावर आहेत ना ते टेपने मोजा, डोळ्याने अंदाज घेऊ नका, एक जण चार बोटं मागे असला तरी पुरतं. अशा वेळी एफ ४ च बरं.

प्रश्न: दिवसा खिडकीच्या उजेडात शूट करतो. एफ १.८ ठेवलं की सगळं पांढरं पडतं म्हणून शटर १/५०० करतो, मग व्हिडिओ कसातरीच झटके देत चालल्यासारखा दिसतो.

शटर त्याच्या जागी परत न्या, सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर १/५० सेकंद, आणि लेन्सवर एनडी फिल्टर लावा. एनडी म्हणजे लेन्ससाठी गडद काच, रंग न बदलता उजेड कमी करणारी. एफ ४ वरून एफ १.८ ला आलात की उजेड जवळपास पाचपट येतो, म्हणजे सव्वादोन स्टॉप, म्हणून खोलीतल्या कामाला तीन स्टॉपचा, ज्याच्यावर एनडी ८ लिहिलेलं असतं तो, बहुतेक वेळा पुरतो. लॉग प्रोफाइलमध्ये (रंग नंतर एडिटिंगमध्ये लावायचे म्हणून फिकं रेकॉर्ड करणारं सेटिंग) शूट करत असाल तर तिथे कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, खाली जाऊ देत नाही, मग जास्त गडद लागेल. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो पण त्याच्या शेवटच्या टोकाला नेला की फ्रेमवर आडवातिडवा गडद पट्टा उमटतो, तिथवर नेऊ नका.

फिल्टर नसेल तर खिडकीला पातळ पडदा लावा, उजेडही मऊ होईल. शटरचं अजून एक: जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत. मागचा लॅम्प स्वस्तातल्या एलईडीचा असेल तर आधी थोडं रेकॉर्ड करून बघाच.

प्रश्न: शूट झालंय, मागचं सगळं स्पष्ट आहे, आता एडिटिंगमध्ये ब्लर होईल का?

होईल, पण मेहनत आहे. दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत मॅजिक मास्क आहे, त्याने माणूस वेगळा निघतो, आणि आवृत्ती १८ पासून डेप्थ मॅपही आलाय, जो चित्रातलं काय जवळ काय लांब याचा अंदाज बांधतो. डेप्थ मॅप जास्त खरा दिसतो, कारण मास्क लावून मागचं सगळं सारखंच ब्लर केलं की माणसाच्या अगदी मागचा खुर्चीचा हात आणि लांबची भिंत सारखीच पसरते, डोळ्याला लगेच खटकतं. कमी ब्लर करा, मास्कची कड मऊ ठेवा. त्याआधी एक सोपं करून बघा, मागचं फक्त एक स्टॉप गडद करा आणि रंग थोडे उतरवा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं आणि ब्लर लागतच नाही.

प्रश्न: एपीएस-सी विकून फुल फ्रेम घेतलं तर ब्लर किती वाढेल?

तीच जागा, तीच फ्रेम धरली तर एपीएस-सी वरचं एफ १.८ हे फुल फ्रेमवरच्या साधारण एफ २.७ सारखं दिसतं. म्हणजे सव्वा स्टॉपच्या आतला फरक. कॅमेरा दुसऱ्या कारणासाठी बदलायचा असेल तर जरूर बदला, फक्त ब्लरसाठी असेल तर नको, तेवढ्यात दोन चांगले लाइट येतात.

प्रश्न: २४ एमएम लेन्स आहे, कॅमेरा माणसाच्या दीड-दोन फुटांवर नेला तर मागचं ब्लर होतं. असं करू का?

वस्तू शूट करायच्या असतील तर करा, चेहऱ्याला नको. एवढ्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे पळतात, कपाळ फुगतं आणि पाहुण्याला स्वतःचाच चेहरा ओळखीचा वाटत नाही. लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे, कुठलीही लेन्स दोन फुटांवर नेली तरी चेहऱ्याची ठेवण अशीच बिघडते. साडेचार-पाच फुटांच्या आत कॅमेरा आणू नका आणि २४ एमएमने एखादा पूर्ण खोली दाखवणारा शॉट घेऊन ठेवा, पाहुणे खोलीत येताना, बसताना, माइक लावून घेताना, एडिटिंगला तो लागतोच.